स्वल्प

जिनगोंडाकाकांची फियाट माझ्या नावावर झाली
तेव्हा बॅटरीच्या जागी मांजर व्यालं होतं,
आणि मागच्या सीटखाली, स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत,
अजून तंबाखूचा भुगा.
काका पोत्यातला नमुना चिमटीत घ्यायचे, हुंगायचे,
आणि भाव सांगायच्या आधी काच खाली करून थुंकायचे.
दारावर ओघळलेला तो डाग रंगात जाईल, दस्तगीर म्हणाला.
मी म्हटलं, राहू दे.

पुण्याचा एक जण फोटो पाहून म्हणाला,
लाल कर, क्रोम चढव, लग्नांना भाड्यानं जाईल.
मला लग्नांना जायचं नव्हतं.
रविवारी चारनंतर निपाणीतून निघून
तवंदी घाटापर्यंत जायचं होतं,
चहा प्यायचा होता,
आणि ढकलत न आणता परत यायचं होतं.

तेवढ्यापुरतं काम.
डायनामो जाऊन अल्टरनेटर.
पॉइंटांच्या जागी एक मुकी काळी डबी, तिला कानस लागत नाही.
पट्टे, कारण मुलगी बसणार.
पुढं डिस्क ब्रेक, कारण घाट चढला की उतरायचाही असतो.
गिअर तिथंच, स्टिअरिंगच्या दांड्याला.
नंबरप्लेटही तीच, एम-वायनं सुरू होणारी;
म्हैसूर राज्याचं नाव बदललं, तिला कुणी कळवलं नाही.

डिस्कचं ब्रॅकेट बेळगावात, उद्यमबागेत, इराप्पानं बेतलं.
त्याला माझं मराठी अर्धं कळायचं, मला त्याचं कन्नड पाव.
तो लेथवर पातं टेकवायचा, मी वाकून बघायचो.
"स्वल्प," तो म्हणायचा.
"स्वल्प," मी म्हणायचो.
एवढा एकच शब्द दोघांच्याही घरचा होता,
त्याच्यावर अख्खी दुपार निभावली.
मग त्यानं बटण बंद केलं. "साकु."
तो शब्द माझा नव्हता, पण कळला.

ब्रेकचं पॅडल सोडवताना दस्तगीरला भोकं दिसली.
क्लचला दोन, ब्रेकला दोन, रेसला एक.
कंपनीची नव्हेत. हातानं पाडलेली, कडा झिजून गुळगुळीत.
तो पान्हा घेऊन उकिडवा बसून राहिला.
"अब्बांनी ठोकळे केलेले की हो. बाभळीचे.
पाय पोचत नाहीत म्हणून."
कुणाचे?
काका सहा फूट होते.

त्रिशलाकाकू पावट्याच्या शेंगा सोलत होत्या,
दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून भराभर.
मी भोकांचं विचारलं. हात थांबला नाही.
"सौदे रात्रीपर्यंत चालायचे. माणूस येताना स्टिअरिंगवर पेंगायचा.
मग गाडी कोण आणणार?"
कुठून?
"संकेश्वर. चिक्कोडी. एकदा हुबळी."
आणि इथं कुणाला कसं कळलं नाही?
"गाव यायच्या आधी थांबायचं, ठोकळे काढायचे.
ते उतरून वळसा घालायचे, मी आतल्या आत सरकायचे.
सीट सलग होती, ते बरं होतं."
ठोकळे कुठं गेले?
"जातात कुठं! फ्रिजखाली आहेत की.
डुलत होता."

फ्रिजखाली आता विटेचे तुकडे आहेत.
ठोकळे डिकीत, पान्ह्यासकट, फडक्यात गुंडाळलेले.
दस्तगीरनं बोल्ट नवे दिले, भोकं जुनीच.

घाट नको, असं मीच म्हटलं.
जुन्या रस्त्यावर, सपाटीला, गाडी कडेला घेतली,
ठोकळे बसवले, उतरलो, बॉनेटला वळसा घातला.
दार उघडतो तर काकू तिकडं सरकलेल्या,
चपला काढून.

पहिला ब्रेक असा लागला की माझं कपाळ काचेपाशी.
"अगं बाई, केवढा धरतोय हा!
पूर्वी पायावर उभं राहावं लागायचं."
मी पट्टा लावला.

दुसऱ्या वेळी पाय हलका पडला.
तिसरा टाकताना
त्यांनी गिअरकडं बघितलंही नाही.